भरतीची तबकडी

मंगळवारी सकाळी क्लोराइडची तपासणी चालू असताना कानातल्या गाण्यात एक खुर्ची करकरली आणि माझा नमुना वाया गेला. या तपासणीत फ्लास्कमधला पिवळा रंग विटकरी व्हायला लागला, की त्याच क्षणी ब्युरेटची तोटी बंद करायची असते. मी केली नाही. थेंब पडत राहिले, रंग गडद होत गेला, आणि मी त्याच्याकडे बघत तशीच उभी राहिले. शहराचं पिण्याचं पाणी तपासणाऱ्या या प्रयोगशाळेत मला एकतीस वर्षं झाली आहेत आणि माझ्या हातून वाया गेलेले नमुने मी बोटांवर मोजू शकते. गाणं मी निवडलेलं नव्हतं. काम सुरू करताना मी फोनवर काहीतरी लावते, एक इअरफोन कानात घालते, आणि ते संपलं की ॲप आपल्या अकलेने पुढचं लावतं. “तुम्हाला हे आवडेल” असं म्हणून ते पुढे करतं त्यातलं बहुतेक मला आवडत नाही, पण हात ओले असतात म्हणून मी बदलायला जात नाही. हे गाणं क्लॅरिनेटने सुरू झालं. मग एका पुरुषाचा आवाज, दारात उभं राहून आतल्या माणसाला हळू काहीतरी सांगावं तसा. दुसरा इअरफोन मी लिटमसपुढे धरला. लिटमस म्हणजे शेजारच्या टेबलावरची केमिस्ट. मनात येईल ते तिच्या चेहऱ्यावर लगेच उमटतं म्हणून आम्ही तिला हे नाव ठेवलंय. तिला ते ठाऊक आहे आणि ती रागावत नाही. मी म्हटलं, “ऐक जरा. नवीन दिसतंय. चांगलं आहे.” तिने ऐकलं. तिचा चेहरा काहीतरी सांगायला निघाला आणि वाटेतच थांबला. “छान आहे मॅडम,” ती म्हणाली आणि आपल्या बाटल्यांकडे वळली. हिला जुन्या चालीची गाणी आवडत नसतील, असं मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात दुसरं कडवं संपलं आणि खुर्ची करकरली.

ती खुर्ची मला ओळखीची होती. बाबा रेडिओ केंद्रावर ड्यूटी इंजिनियर होते. एखादा कार्यक्रम अठ्ठावीस मिनिटांत आटोपला आणि बातम्या अर्ध्या तासाला असल्या, की मधली दोन मिनिटं रिकामी राहतात, आणि रेडिओवर रिकामी जागा चालत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं यंत्र बिघडलं. त्या जागेत वाजवायला ड्यूटीवरच्या माणसाच्या टेबलाशेजारी काही तबकड्या ठेवलेल्या असत. त्यांना भरतीच्या तबकड्या म्हणत. त्यांचं नाव कुणी सांगत नसे, गायक कोण ते सांगत नसे. त्या लागायच्या आणि वेळ झाली की मध्येच कापल्या जायच्या. बाबा नेहमी एकच तबकडी लावत. ध्वनिमुद्रणाच्या वेळी दुसऱ्या कडव्यानंतर कुणीतरी खुर्चीत हललं होतं, आणि ते हलणं त्या तबकडीत कायमचं राहून गेलं होतं. बाबांनी आम्हाला ते शिकवून ठेवलं होतं. “दुसरं कडवं झालं की कान द्या. खुर्ची वाजते. ती वाजली की समजा, मी तिथे बसलोय.” त्यामुळे आमच्या घरी त्या गाण्याचा अर्थ वेगळा होता. आई कणीक मळता मळता म्हणायची, “हं, बसलेत,” आणि पुढच्या कामाला लागायची. खुर्चीनंतर जेमतेम एक ओळ होई, मग वेळेचे ठोके आणि बातम्या. गाण्याला शेवट असेल हे कधी डोक्यातच आलं नाही. नंतर कॉलेजात, वसतिगृहात, पुढे नोकरीत, दुकानादुकानांतून मी ते शोधलं. पण ज्याचं नाव ठाऊक नाही असं गाणं दुकानदाराला कसं सांगणार? मी क्लॅरिनेट गुणगुणून दाखवायची आणि दुकानदार शेजाऱ्याकडे बघून हसायचा. चाळीस वर्षांनी ते माझ्या कानात आपणहून आलं होतं. मी हात पुसले, डोळेही पुसले, आणि गाण्यापुढचं हृदयाचं चिन्ह दाबायला फोन घेतला, म्हणजे ते हरवणार नाही. चिन्ह आधीच भरलेलं होतं.

एवढीच गोष्ट. पण मोजमापाचं काम करणाऱ्या माणसाला, जिथे शून्य हवं तिथे आकडा दिसला की झोप लागत नाही. मी आत जाऊन बघितलं. ॲपमध्ये एक पान असतं, गेल्या तीस दिवसांत काय किती वेळा वाजलं याचं. सगळ्यात वर हे गाणं होतं. एकसष्ट वेळा. त्याच्या खालचं दुसरं गाणं चार वेळा. मी स्टुलावर बसले. या खात्यावर दोन फोन आहेत: एक माझा आणि एक आईचा. जुन्या लहरीवरचं केंद्र बंद पडलं तेव्हा तिच्या रेडिओवर नुसती खरखर उरली, म्हणून मीच माझा आधीचा फोन तिला नेऊन दिला, त्यात माझंच खातं ठेवलं आणि बोट कुठे लावायचं ते शिकवलं. आई एक्याऐंशीची आहे आणि एकटी राहते. दिवसातून दोनदा तेच गाणं, रोज, महिनाभर. यातून काय निघतं ते मला कळत होतं, कारण हे मी आधी एकदा ऐकलेलं होतं.

मी सतरा वर्षांची असताना, परीक्षेच्या दिवसांत, दुपारी एकच्या बातम्यांआधी भरतीची तबकडी लागली. आई स्वयंपाकघरात होती, मी पुस्तक घेऊन दारात. खुर्ची वाजली, आई म्हणाली, “हं, बसलेत.” मग ठोके यायला हवे होते. ते आले नाहीत. गाणं पुढे गेलं. त्यात तिसरं कडवं होतं, मग पुन्हा क्लॅरिनेट, आणि मग एक अगदी साधा शेवट, पाणी भांड्यात स्थिर व्हावं तसा. त्या गाण्याला शेवट आहे हे मला असं कळलं. मग थोडी शांतता, सुई टेकल्याचा आवाज, आणि गाणं पहिल्यापासून सुरू झालं. आईने गॅस बंद केला. “लाइन मिळत नसेल बातम्यांची,” ती म्हणाली, पण मला नाही, भिंतीला. तिसऱ्यांदा लागलं तेव्हा तिने चपला घातल्या. “तू इथेच थांब,” म्हणाली आणि केस न विंचरता बाहेर पडली. केंद्र पायी दहा मिनिटांवर होतं. ती दहा मिनिटं मी रेडिओसमोर बसून काढली. बंद करायचं धाडस झालं नाही. मी बंद केला तर बाबा तिथे एकटे पडतील, असं काहीतरी वाटत होतं. खुर्ची आणखी तीनदा वाजली. सारं गाव आपापल्या घरात बसून ऐकत होतं, आणि त्यांना वाटत होतं यंत्र बिघडलंय. मग गाणं एका शब्दाच्या मध्ये तुटलं आणि बातम्या अर्ध्यातून सुरू झाल्या. संध्याकाळी आई बाबांना हाताला धरून घेऊन आली. ते खुशीत होते. बूट काढता काढता मला म्हणाले, “आज एक नवीन तबकडी मिळाली गं. चांगली आहे.” तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. त्यानंतर त्यांना केंद्राच्या भांडारात बसवलं, मग घरी. नऊ वर्षं. शेवटी शेवटी आम्ही त्यांच्यासमोर काहीही लावलं तरी ते मान हलवून म्हणत, “नवीन दिसतंय.”

धाकट्याला मी त्या मंगळवारीच फोन केला. धाकटा म्हणजे माझा भाऊ, समुद्रापलीकडे असतो, त्याची सकाळ आमच्या संध्याकाळी होते. मी आकडे सांगितले.

“ताई, तू नीट बघितलंस ना?”

“एकसष्ट. तीस दिवसांत.”

“आकडा बरोबरच असेल गं. मी म्हणतो…” तो अडखळला. “तू कशी आहेस?”

“माझं काय? मी आईबद्दल बोलतेय.”

“हो, हो. डॉक्टरला दाखवून घ्या. दोघी जा.”

“दोघी कशाला?”

“मग काय, म्हातारीला एकटीला रिक्षात बसवून देणारेस?” तो हसला, आणि मीही हसले, कारण हे आमच्या नेहमीच्या तऱ्हेचं बोलणं होतं.

आईला मी खरं कारण सांगितलं नाही. वयाची नेहमीची तपासणी, म्हटलं. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “चल. शास्त्रीणबाईंचा हुकूम मोडून कसं चालेल?” मी शाळेत असल्यापासून ती मला शास्त्रीणबाई म्हणते, दुधावर साय किती वेळात धरते ते मी घड्याळ लावून मोजत बसायची म्हणून. डॉक्टर चाळिशीच्या होत्या, त्यांचं टेबल नीटनेटकं होतं, मला ते आवडलं. त्यांनी आईला पाच शब्द सांगितले, मग इकडचं तिकडचं विचारलं, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात सात कमी करायला लावले, आणि मग ते पाच शब्द परत विचारले. आई म्हणाली, “छत्री, आरसा, दोरी, घोडा, मीठ. आणि तुमचं पेन मघाशी टेबलाखाली गेलंय, तो सहावा.” डॉक्टर मनापासून हसल्या. पेन उचलून वर येता येता त्या मला म्हणाल्या, “आणि तुम्हाला? सहज विचारते.” मी म्हटलं, “छत्री. आरसा.” मग मी थांबले. मी लक्ष दिलं नव्हतं, असं सांगितलं. तक्त्यावर त्या खुणा कशा करतात ते मी बघत होते. हे खरंच होतं. माझ्या कामातला माणूस नोंदीची पद्धत आधी बघतो. त्या म्हणाल्या, “घोडा राहिला.” मी म्हटलं, “दोरीसुद्धा,” आणि मला बरं वाटलं. आईने माझा हात आपल्या हातात घेतला होता. तिला भीती वाटत असेल म्हणून मी तो घेऊ दिला. “आईंचं उत्तम आहे,” डॉक्टर म्हणाल्या, आणि आणखी काही बोलायचं असल्यासारख्या थोड्या थांबल्या, पण आई उठली होती.

एकाच मोजणीवरून निष्कर्ष काढायचा नसतो. मी दर आठवड्याला त्या पानावरचा आकडा एका वहीत टिपू लागले. चौऱ्याहत्तर. शहाऐंशी. आणि दुसरंही काही घडत होतं. ॲप माझ्यापुढे जे ठेवायचं ते अरुंद होत चाललं होतं. पूर्वी त्यात काहीही यायचं, परक्या भाषांतली गाणी, लग्नाच्या वरातीसारखे ढोल, समुद्राच्या लाटांचा तासभर आवाज. आता त्याच काळातली, त्याच संथ चालीची, क्लॅरिनेटची गाणी येत. मग त्यांतलीही कमी झाली. ते देतं ते माणूस ऐकतो, माणूस ऐकतो तेच ते देतं. असं थोडे दिवस चाललं की शेवटी एकाच गाण्यापाशी येऊन थांबायचं, यात गूढ काही नाही. बाबांच्या रेडिओवर दुसरी तबकडी निदान दुसऱ्याच्या ड्यूटीला तरी लागायची. इथे ड्यूटी बदलतच नव्हती. ॲपची खात्री पटलेली दिसत होती, की या खात्यावर एकच माणूस आहे आणि त्याला दुसरं काही नको आहे. मी मनात म्हणायची, अरे, मीही आहे इथे.

प्रयोगशाळेतही त्या दिवसांत चिडायला कारणं मिळत होती. रजिस्टरमध्ये माझ्या प्रत्येक नोंदीपुढे लिटमसची सही दिसू लागली. मी तिला सरळ विचारलं, “माझं काम तपासतेस?” तिच्या चेहऱ्यावर लाली आली. “नवीन नियम आहे मॅडम. दोन सह्या. सगळ्यांनाच आहे.” नियमाचा कागद मला कुणी दाखवला नव्हता. मी मागची पानं चाळली. एका तारखेला टाकी क्रमांक चारचं पाणी तीन वेळा तपासलेलं होतं, तिन्ही वेळा माझ्या अक्षरात, आणि तिन्ही आकडे दुसऱ्या दशांशापर्यंत सारखे. तीनदा कशासाठी केलं ते आठवेना, पण आकडे इतके सुरेख जुळले होते की मला अभिमानच वाटला. हात चुकला नव्हता. “शिकाऊ मुलांना दाखवण्यासारखं काम आहे,” मी लिटमसला म्हटलं. ती “हो मॅडम” म्हणाली आणि नळ सोडून काचेची भांडी धूत राहिली; ती धुतलेलीच होती.

मग खोलीची गोष्ट निघाली. धाकट्यानेच काढली. शहराबाहेर वयस्कांसाठी एक निवास आहे, म्हणाला, माणसं चांगली आहेत, डॉक्टर रोज येतात, फाटकावर लक्ष असतं. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं होतं. आईचं घर म्हणजे आई आहे. पन्नास वर्षं ती त्याच ओट्याशी उभी राहिली आहे, अंधारातही तिचा हात बरोबर मिठाच्या बरणीवर जातो. तिला तिथून उचलायचं म्हणजे काय, ते मला कळत होतं. पण बाबांच्या वेळी आम्ही उशीर केला होता, आणि आकडे माझ्याकडे होते. धाकटा निवासवाल्यांनी पाठवलेल्या व्हिडिओत खोली दाखवत होता. “पूर्वेला खिडकी आहे. हे बघ, लिहायला टेबल.”

“आईला टेबल कशाला?”

“असू दे गं.” मग म्हणाला, “दोन पलंग आहेत.”

“म्हणजे तिच्याबरोबर कुणी परकं?”

त्याने चष्मा काढून पुसला. “परकं नाही. आपण बोलू ताई. रविवारी तू आईकडे जाणार आहेस ना? तिथून मला फोन कर. नक्की कर.”

आईला मी सांगितलं तेव्हा ती भांडेल, रडेल, मला बोल लावील, असं मी धरून चालले होते. उत्तरंही तयार ठेवली होती. ती शेंगा सोलत होती. “बघून येऊ की दोघी,” ती म्हणाली. “खिडकी पूर्वेला आहे म्हणतो ना तो. सकाळचं ऊन मिळेल.” एवढ्या सहज तिने मान्य केलं, की माझा संशय पक्का झाला. आपलं घर सोडायला जी बाई एका वाक्यात तयार होते, ती पूर्वीची राहिलेली नाही. ही नोंदही मी वहीत केली असणार.

रविवारी सकाळी दहाला मी तिच्याकडे पोचले. दोन पिशव्या दाराशी भरून ठेवल्या होत्या. आई खुर्चीवर बसली होती, लुगडं चापूनचोपून नेसलेली, आणि घरातच चपला घालून. “घातल्याच,” ती म्हणाली. “पुन्हा वाकायला नको.” मी तिच्या फोनचा चार्जर शोधू लागले. ओट्यावर नव्हता, उशाशी नव्हता. “फोन कुठाय तुझा, गाण्यांचा?”

“कपाटात. खालचा खण.”

“तिथे कशाला?”

“तूच ठेवलास की. बिघडलाय, दुरुस्त करून आणते म्हणालीस. आंब्याला मोहोर होता तेव्हा.” ती खिडकीबाहेर बघत होती. तिथलं झाड आता काळपट हिरवं होतं, फळ कधीच उतरून गेलं होतं.

खण ओढला. चादरींच्या खाली फोन होता, वायर त्याच्याभोवती माझ्या पद्धतीने गुंडाळलेली, शेवटचं टोक आतून खोचून. मी बटण दाबून धरलं. तीस सेकंद मोजले. काच काळीच राहिली. मी तो चार्जरला लावला. दहा मिनिटांनीही काही झालं नाही. मला आठवलं की एका खात्यावर एका वेळी एकाच फोनवर गाणं वाजतं. आई लावत असती तर प्रयोगशाळेत माझं मध्येच थांबायला हवं होतं. ते एकदाही थांबलं नव्हतं, आणि हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. शिकाऊ माणूसही विचारतो. तपासणीत आम्ही एक ब्लँक ठेवतो, ज्यात काहीच नाही हे ठाऊक असलेलं शुद्ध पाणी. त्यात आकडा आला, तर दोष पाण्यात नसतो, तपासणाऱ्याकडे असतो. बंद फोन डाव्या हातात धरून मी उजव्या हाताने माझ्या फोनवरचं ते पान उघडलं. एकशे दोन. मी गाण्यावर बोट ठेवलं. क्लॅरिनेट सुरू झालं. पान पुन्हा उघडलं. एकशे तीन.

मी पर्समधून वही काढली, कारण असं काही दिसलं की लगेच लिहून ठेवायचं हे माझ्या हाडात आहे. कोरं पान शोधताना मागचं पान उलटलं. तिथे माझ्या अक्षरात, तारखेसह, लिहिलेलं होतं: *आईचा फोन बंद आहे, खणात. आकडे माझे आहेत. आईचा दोष नाही. धाकट्याला आज सांगायचं.* तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. त्याच्या मागच्या पानावर पुन्हा तेच, आणखी दोन आठवडे आधीचं. वाक्यंही जवळजवळ तीच, पहिल्यात ‘आज’खाली एक रेघ, दुसऱ्यात दोन. त्या मंगळवारची नोंदही होती, *बाबांचं गाणं सापडलं!*, आणि तशाच आणखी चार मंगळवारांच्या. पानं चाळताना मला घाबरण्यापेक्षा एक विचित्र बारीक प्रश्न पडला होता. या दोन्ही वेळा मी धाकट्याला सांगायचं विसरले होते, की सांगायचं नाही असं ठरवलं होतं? दोन्हींची नोंद सारखीच दिसली असती. आई या घरातून गेली असती आणि मी सहीनिशी बरोबर ठरले असते. जिला आपण काय केलं तेच सांगता येत नाही, तिने आपण केलं नाही असं तरी कशावरून म्हणावं?

गाणं चालूच होतं. मी फोन लावला तसं ते थांबलं. धाकट्याने पहिल्याच रिंगला उचलला, म्हणजे तो वाट बघत होता. मी एका दमात बोलले, वहीतलं वाचूनच दाखवलं, शब्द गळू नयेत म्हणून. “आईला काही झालेलं नाही. चूक माझी आहे. मी आहे ते. एकशे तीन वेळा मी लावलंय. ती खोली रद्द कर, आत्ताच्या आत्ता. आई कुठेही जाणार नाही. ऐकतोयस ना?”

“ऐकतोय, ताई.”

“मग बोल ना काहीतरी.”

“तू हे मला मागेही सांगितलंस,” तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहानपणचा झाला होता. “दोनदा. पहिल्यांदा सांगितलंस तेव्हाच मी आणि आईने ठरवलं. लिटमस म्हणता ना तुम्ही, त्या बाईंचाही फोन आला होता. डॉक्टर तुझ्यासाठी होत्या, ताई. खोली आईसाठी नाहीये.”

मी आईकडे बघितलं.

“दुसरा पलंग तिचा आहे,” तो म्हणत होता. “मी नको म्हटलं, खूप सांगितलं. ती म्हणते, तिला एकटीला नाही सोडणार.”

मी म्हटलं, “आई, तू तुझं घर…” आई उठली होती. चाळीस वर्षांपूर्वी केस न विंचरता निघाली होती. आज विंचरले होते, एवढाच फरक. तिने माझ्या हातातून वही घेतली, मिटली, माझ्या पर्समध्ये ठेवली आणि पर्सची चेन लावली. “चल शास्त्रीणबाई,” ती म्हणाली. “ऊन चढायच्या आत पोचू.”

फोन ठेवला तशी गाणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. आवाज चांगला होता, दारात उभं राहून आतल्या माणसाला हळू काहीतरी सांगावं तसा. आई पिशवीकडे वाकली होती, ती तशीच थांबली. तिला आता कमी ऐकू येतं.

“खुर्ची वाजून गेली का गं?” तिने विचारलं.

मी कान दिला. ती वाजून गेली होती की वाजायची होती, हे मला सांगता येईना.